आधी ऐका, मग लिहायला लावा

प्रति,
बालवाडी, नर्सरी आणि केजीचे वर्ग चालवणारे संस्थाचालक, मुख्याध्यापक आणि पर्यवेक्षक यांस,



मी तीस वर्षं बालवाडीत शिकवलं. निवृत्त झाले तरी मुलं सुटलेली नाहीत. संध्याकाळी गल्लीतली चार-पाच तरी माझ्या ओट्यावर असतात. त्यांच्या दप्तरातल्या वह्या मी बघते, त्यांच्या आयांशी बोलते. कधी एखादी शाळा स्नेहसंमेलनाला बोलावते, तेव्हा वर्गांतूनही फिरून येते. या सगळ्यात जे पाहिलं ते मनात साचत गेलं आणि शेवटी हे पत्र लिहायला बसले. तुम्ही माझ्याच कामातली माणसं आहात, म्हणून आडपडदा न ठेवता लिहिते.

अशाच एका संमेलनात छोट्या गटातला साडेतीन वर्षांचा मुलगा माइकसमोर आला. ‘माय नेम इज’पासून ‘आय लव्ह माय स्कूल’पर्यंत सात वाक्यं त्याने एका दमात म्हटली. टाळ्या पडल्या. कार्यक्रम संपल्यावर मी त्याच्याजवळ जाऊन बसले आणि विचारलं, “तुझ्या घरी कोण कोण असतं रे?” त्याने क्षणभर माझ्याकडे पाहिलं, हात मागे बांधले आणि पुन्हा सुरुवात केली, “माय नेम इज...” त्याची आजी शेजारीच होती. ती म्हणाली, “घरी तर याचं तोंड बंद होत नाही हो. शेजाऱ्यांच्या कोंबड्या किती, त्यातली लंगडी कुठली, सगळं सांगतो.”

त्या मुलाकडे सांगण्यासारखं पुष्कळ होतं. पण कुणी त्याच्याबद्दल विचारलं की ती सात वाक्यं म्हणायची, एवढंच तो शाळेत शिकला होता.

त्याच आठवड्यात गल्लीतल्या एका चिमुरडीचा गृहपाठ पाहिला. ए हे अक्षर, चार पानं. तिने पेन्सिल मुठीत धरली होती, रवी धरावी तशी. ओठ दातांखाली गच्च. रेघ ओढताना बोटं हलत नव्हती, मनगट हलत नव्हतं, अख्खा हात खांद्यापासून सरकत होता. दुसऱ्या पानाच्या मध्यावर टोक इतकं रुतलं की कागद फाटला. तिने घाबरून आईकडे पाहिलं. आईने तिच्या मुठीवर आपला हात ठेवला आणि उरलेली अडीच पानं दोघींनी मिळून पुरी केली. दुसऱ्या दिवशी वहीत बाईंची लाल शाईतली बरोबरची खूण आली आणि खाली एक चांदणी.

त्या बाईंवर माझा राग नाही. त्यांना दिलेला अभ्यासक्रम त्यांनी पुरा करून घेतला. माझी तक्रार तो अभ्यासक्रम ठरवणाऱ्यांकडे आहे, म्हणजे तुमच्याकडे. एकेक गाऱ्हाणं मांडते आणि प्रत्येकाबरोबर एक विनंतीही करते.

पहिलं गाऱ्हाणं मुलाखतीचं. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या तेराव्या कलमाने प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाळणी लावायला मनाई केली, दंडही ठेवला. त्याच्याही आधी, १९९३ मध्ये, यशपाल समितीने नर्सरीच्या प्रवेशासाठी होणाऱ्या परीक्षा आणि मुलाखती बंद करा असं स्पष्ट सांगितलं होतं. तरीही मुलाला एकट्याला आत बोलावतात, नाव विचारतात, रंग विचारतात आणि या प्रकाराला ‘संवाद’ म्हणतात. हा कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी आहे, आमचा वर्ग त्यात बसत नाही, असं मला एका ठिकाणी ऐकवलं गेलं. कलमाच्या शब्दांवर वकील वाद घालतील. पण सहा वर्षांच्या मुलाला जे लावायचं नाही, ते तीन वर्षांच्या मुलाला लावावं असं कोण म्हणेल? ‘स्वतःचा परिचय’ पाठ करून घेण्याची सुरुवात या मुलाखतीतूनच होते. तिच्या भीतीने आई-वडील दोन-अडीच वर्षांच्या लेकराकडून रोज जेवताना ती वाक्यं घोटून घेतात.

विनंती अशी की मुलाला काही विचारून प्रवेश देऊ नका. त्याला ओळखायचंच असेल तर प्रवेश दिल्यानंतर आईसह अर्धा तास वर्गात मोकळं खेळू द्या आणि तुम्ही बाजूला बसून बघा. दहा प्रश्न विचारून कळणार नाही ते तेवढ्यात कळेल.

दुसरं गाऱ्हाणं परिचयाच्या पाठांतराचं. आपल्याकडे परक्या माणसाने मुलाला पहिल्यांदा विचारायचा प्रश्न पिढ्यान् पिढ्या ठरलेला आहे: “कुणाचं रे तू?” नाव त्याच्या मागून येतं. मूल स्वतःला नात्यांतून ओळखतं. मी आजीचा, मी ताईच्या पाठचा, आमची म्हैस, आमची गल्ली. ओळख करून द्यायला शिकवायचं तर या ओळखीला शब्द द्यायला शिकवायचं. ‘आय ॲम अ बॉय’ हे वाक्य वर्गातली निम्मी मुलं म्हणतात. ते म्हटल्याने कुणाचीच ओळख होत नाही.

बिनचूक पत्ता आणि आई-वडिलांचा फोन नंबर मुलाला जरूर पाठ असावा. जत्रेत किंवा स्टेशनवर मूल चुकलं तर त्याचाच आधार असतो. पण तो सुरक्षिततेचा धडा आहे, तो वेगळा शिकवा. परिचय म्हणजे गोलात बसून रोज एका मुलाने आपल्याबद्दल एक नवी गोष्ट सांगायची आणि बाकीच्यांनी ती ऐकायची. आज आवडती भाजी, उद्या पायाला झालेली जखम, परवा मामाच्या गावची विहीर. ऐकणाऱ्या मुलांनी एकेक प्रश्न विचारायचा. महिन्याभरात वर्गातलं प्रत्येक मूल बाकीच्यांना ओळखू लागतं. कुणी बोललं नाही तर त्याला थांबायची मुभा हवी. गप्प मुलाला सगळ्यांसमोर उभं करून ‘बोल, बोल’ करू नका.

आणखी एक. आपल्या राज्यात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात स्वतःच्या नावापुढे आईचं नाव, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव असा क्रम आला आहे. ही मुलं तुमच्या छोट्या गटात येऊ लागतील, तेव्हा त्यांना आईचं नाव मोकळेपणाने सांगू द्या. ‘वडील काय करतात’ हा प्रश्न मात्र परिचयाच्या यादीतून काढून टाका. ज्या घरात वडील नाहीत, किंवा ज्यांचं काम सुटलेलं आहे, त्या घरातल्या मुलाची मान तिथे खाली जाते. मी ती खाली गेलेली पाहिली आहे.

तिसरं गाऱ्हाणं भाषेचं. तीन वर्षांचं मूल मनातलं सांगणार ते घरच्या बोलीत. मग ती अहिराणी असो, मालवणी असो, वऱ्हाडी असो की वारली. वर्गात पाऊल टाकताच ती जीभ आवळून ठेवायला लावली तर मूल बोलायचंच थांबतं आणि आपण म्हणतो, ‘लाजाळू आहे’. मुलाजवळ कसं जायचं ते ताराबाई मोडकांनी दाखवलं. त्यांनी १९२६ मध्ये गिजुभाई बधेकांबरोबर नूतन बालशिक्षण संघाचं काम सुरू केलं. १९४५ मध्ये त्या बोर्डीला गेल्या, अनुताई वाघ त्यांना तिथे येऊन मिळाल्या आणि १९५७ मध्ये दोघींनी ते काम कोसबाडच्या टेकडीवर नेलं. पाड्यावरची मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा या बायांनी बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली. मॉन्टेसरींची महागडी साधनं परवडणारी नव्हती, म्हणून पानं, बिया, शंख-शिंपले, खडे घेऊन काम केलं. मूल शाळेजवळ येत नसेल तर शाळेने मुलाजवळ जायचं, हा त्यांचा धडा. आज अंगण मिळत नाही हे मला समजतं. पण मुलाच्या भाषेपर्यंत जायला अंगण लागत नाही.

इंग्रजी शिकवू नका असं मी म्हणत नाही. गाणी, खेळ, गोष्टी यांतून मूल दोन-तीन भाषा सहज उचलतं. पण स्वतःबद्दलचं पहिलं बोलणं त्याच्या घरच्या भाषेत होऊ द्या. ताईला ती बोली येत नसेल तर तिने मुलाकडून चार शब्द शिकावेत. मुलाला केवढा आनंद होतो ते बघा.

चौथं गाऱ्हाणं सगळ्यांत जड आहे, ते पेन्सिलीचं. मनगटात आठ छोटी हाडं असतात. जन्मतः ती कूर्चेची, म्हणजे मऊ असतात आणि एकेक करून घट्ट होत जातात. तीन वर्षांच्या मुलाच्या मनगटाचा एक्स-रे काढला तर आठांपैकी साधारण तीनच दिसतात. सहा-सात वर्षांपर्यंत सात होतात आणि शेवटचं, वाटाण्याएवढं, त्याच्याही पुढे काही वर्षांनी दिसू लागतं. हाडांबरोबर बोटांचे स्नायू तयार व्हायचे असतात आणि डोळ्यांचा हाताशी मेळ बसायचा असतो.

या तयारीचा क्रम मुलांच्या चित्रांत उघड दिसतो. आधी नुसत्या रेघोट्या. मग उभी रेघ, आडवी रेघ. तिसऱ्या वर्षाच्या सुमारास गोल. चौथ्याच्या आसपास अधिकाची खूण. चौकोन त्यानंतर. तिरप्या रेघांचा त्रिकोण पाचव्या वर्षाच्या आगेमागे. आता इंग्रजीतला ए पाहा. तो दोन तिरप्या रेघांचा आहे. त्या चिमुरडीला तिच्या हाताला अजून न जमणारी रेघ चार पानं ओढायला लावली होती, कारण ए वर्णमालेत पहिला येतो. आपल्या ‘अ’चंही तेच. आपली वर्णमाला उच्चाराच्या क्रमाने लावलेली आहे आणि ती सुंदर आहे, पण तो क्रम जिभेचा आहे, हाताचा नाही. गोल काढता येणाऱ्या मुलाला ‘ठ’ सोपा, ‘व’ सोपा. ‘व’ आला की ‘ब’ आणि ‘क’ जवळच असतात. ग, म, न यांचं तसंच. जुन्या शिक्षिका अक्षरांचे असे गट करूनच शिकवायच्या.

म्हणून विनंती. छोट्या गटात वही-पेन्सिल देऊ नका. लेखनाची तयारी हाताला काम देऊन होते आणि ते काम आपल्या स्वयंपाकघरात, अंगणात पडलेलं आहे. कणीक मळणं, मटार सोलणं, वालाची बिरडी सोलणं, शेंगा फोडणं, चिंचोके निवडणं, मणी ओवणं, कपड्यांचे चिमटे दोरीला लावणं, ओला फडका पिळणं, जुना कागद फाडून चिकटवणं, रांगोळीची चिमूट सोडणं. चिमटीतून रांगोळी सोडणारी तीन बोटं तीच पुढे पेन्सिल धरतात. भिंतीवर मोठा फळा खाली, मुलांच्या उंचीवर लावा आणि जाड खडू द्या. उभ्या फळ्यावर खांदा आणि मनगट दोन्ही तयार होतात. वाळूत, रव्यात बोटाने अक्षर काढू द्या. आपल्या जुन्या शाळांतली धूळपाटी हेच करत होती. खरखरीत कागदाची अक्षरं बोटाने गिरवायला देण्याची मॉन्टेसरींची पद्धतही याच वाटेने जाते. अजूनही पुष्कळ घरी विद्यारंभाला तांदळात बोटाने श्री काढायला लावतात. तिथे मुलाच्या हातात पेन्सिल नसते, बोट असतं.

जी मुलं डाव्या हाताने खडू उचलतात, त्यांना तो त्याच हातात राहू द्या. ‘चांगला हात’ आणि ‘वाईट हात’ हे शब्द वर्गात येऊ देऊ नका.

पाचवं गाऱ्हाणं ठिपक्यांच्या वह्यांचं. छापील ठिपके जोडत मूल पानंच्या पानं भरतं. पालकांना वही भरलेली दिसते, शाळेला काम झाल्याचा पुरावा मिळतो. पण त्या पानावर मुलाचं स्वतःचं काहीही नसतं. लिहिणं म्हणजे मनातलं कागदावर ठेवणं, हे त्याला कधी कळायचं?

इथे माझ्या वर्गातली एक मुलगी आठवते. जून गेला, जुलै अर्धा गेला, तिने तोंड उघडलं नव्हतं. एके दिवशी आम्ही सगळी गोल बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होतो. हातात शेंग, नजर शेंगेवर आणि ती एकदम म्हणाली, “बाई, आमच्या म्हशीला रेडकू झालं.” सगळ्यांनी शेंगा टाकल्या. कधी? कसलं? दूध पितं का? तिला प्रश्नावर प्रश्न आले आणि ती उत्तरं देत गेली. दुपारी तिने कागदावर एक मोठा वाकडा गोल काढला, खाली चार रेघा, बाजूला एक शेपूट. मला म्हणाली, “इथं लिवा, रेडकू.” मी चित्राखाली ठळक लिहिलं. तिने पहिल्या अक्षरावर बोट ठेवलं. “ह्ये काय?” म्हटलं, “हा र, त्याच्या डोक्यावर मात्रा. रे.” तिने बोटाने तो दोनदा गिरवला. दुसऱ्या दिवशी फळ्यापाशी जाऊन खडूने काढला. मात्रा नव्हती, पोट जरा फुगलेलं होतं, पण तो र होता. तिला मी र शिकवला नव्हता. तिला रेडकाबद्दल सांगायचं होतं, म्हणून तिने तो घेतला.

त्या मुलीची वर्गाला झालेली ओळख आणि तिचं पहिलं अक्षर यांच्यात एका दिवसाचं अंतर होतं. परिचय आणि लेखन हे दोन वेगळे तास नाहीत, हे मला तिने शिकवलं. सांगायला काही असलं आणि ऐकायला कुणी असलं की लिहावंसं वाटतं. म्हणून मूल सांगेल ते त्याच्या चित्राखाली, त्याच्याच शब्दांत, ताईने लिहायचं आणि त्याला वाचून दाखवायचं. ठिपक्यांच्या वहीऐवजी वर्षअखेर अशा चित्रांचा गठ्ठा पालकांच्या हातात द्या.

‘पालकच मागणी करतात, आम्ही काय करणार?’ हे तुमचं उत्तर मला पाठ आहे. पालक घाबरलेले आहेत, हे खरं. शेजारच्या शाळेतलं मूल वाक्यं लिहितं आणि आपलं अजून माती खेळतं, असं त्यांना वाटतं. त्यांना समजावणं हे तुमचंच काम आहे आणि त्यासाठी तुमच्याकडे आधार आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा मानला. बालवाडीची तीन वर्षं आणि पहिली-दुसरी एका धाग्यात ओवली. २०२१ मध्ये सुरू झालेल्या निपुण भारत अभियानाने समजून वाचता येणं आणि साधं गणित येणं यासाठी तिसरीच्या अखेरीचं उद्दिष्ट ठेवलं. जे देशाने तिसरीपर्यंत यावं म्हटलं, त्याची घाई साडेतीन वर्षांच्या मुलाला कशासाठी? वर्षातून दोनदा पालकांना वर्गात बसवा. त्यांना मुलांबरोबर मटार सोलायला लावा आणि त्या बोटांचा पुढे काय उपयोग आहे ते सांगा. माझ्या अनुभवात समजावून सांगितल्यावर दहापैकी आठ आया ऐकतात.

शेवटची विनंती तुमच्या शिक्षिकांसाठी. चाळीस मुलांच्या वर्गात एकटी ताई रोज प्रत्येकाचं ऐकू शकत नाही. अपुऱ्या पगारावर, वर्षावर्षाच्या नेमणुकीवर राबणाऱ्या बाईकडून धीराची अपेक्षा ठेवायची तर आधी तिला धीर द्यायला हवा. वर्गातली मुलं कमी करा, मदतनीस द्या, तिचा पगार वेळेवर द्या. आणि भरलेल्या वह्यांवरून तिचं काम मोजणं थांबवा. आज वर्गात किती मुलं स्वतःहून बोलली, हे तिला विचारा.

येत्या जूनमध्ये नवी मुलं रडत रडत तुमच्या दारात येतील. त्यांतल्या प्रत्येकाजवळ एखादी लंगडी कोंबडी, एखादं रेडकू, एखादी विहीर आहे. पहिला महिनाभर वही उघडू नका. त्यांच्या शेजारी बसा आणि ती काय सांगतात ते ऐका.

कळावे, लोभ असावा.

आपली नम्र,
एक निवृत्त बालवाडीताई